न्याहारीआधीचा उपकार

माझ्या सासऱ्यांनी सलग वीस महिने घरातल्या एकाही माणसाला गरम भाकरी खाऊ दिली नाही. चार बायका जमल्या की मी गोष्ट इथूनच सुरू करते आणि जरा थांबते. बायका 'अगं बाई!' म्हणतात, पदर तोंडाशी नेतात. त्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या मिशांचा, हातात काठी घेतलेला सासरा उभा राहतो. तो चांगला उभा राहिला की मग मी सांगते, तसं नव्हे हो. आमचे आबा देवमाणूस होते. भाकरी गार व्हायची ती देवापायीच.

मी लग्न होऊन ब्राह्मणपुरीला आले तेव्हा सोळा वर्षांची होते. माहेर शहाद्याचं, तीन कोसांवर. वडील शाळेत मास्तर, त्यामुळे मला पुस्तकातली मराठी येत होती आणि तोंड चालवायला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सासरच्या घरात सहा माणसं. सासरे, त्यांना सगळे आबा म्हणत. सासू, तिला सगळे माय म्हणत. थोरले दीर. त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली जाऊ, जिला मी मोठी म्हणायची आणि ती मला धाकली. माझे मालक, आणि मी. शेत काळंभोर, कापसाचं आणि ज्वारीचं. खायला कमी नव्हतं. कमी काय होतं ते पुढे येईलच.

त्या वर्षी भादव्यात मोलगीकडून डोंगर उतरून एक कुटुंब आमच्या शेतात निंदणीला आलं होतं. म्हातारा, त्याचा मुलगा, सून आणि तीन-चार लहान पोरं. आबांनी एके दुपारी मोठ्या मनाने बांधावरच्या मक्याची कोवळी कणसं तोडून त्यांच्या पुढ्यात टाकली. म्हाताऱ्याने ती उचलली, कपाळाला लावली आणि टोपलीत झाकून ठेवली. पोरं टोपलीकडे बघत बघत कोरडी भाकर चावत राहिली. आबांना वाटलं, लाजली असतील. त्यांनी 'खा, खा' केलं. म्हातारा म्हणाला, आमच्या गावात नव्या धान्याची पूजा अजून झाली नाही, ती झाल्यावाचून नवं तोंडात घालत नाहीत.

"अरे, पन हाऊ मका मन्हा शे. तुन्हा गावना नही," आबा म्हणाले.

म्हातारा हसला. "मका तुन्हा व्हई, पाटील. पानी तर तोच शे ना."

आबा घरी आले. उपाशी पोरं कणसाकडे बघतात आणि हात लावत नाहीत, हे त्यांच्या मनातून जाईना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्यांच्या ताटात भाकरी वाढली, वर लोण्याचा गोळा ठेवला, आणि आबांनी हात वर केला.

"थांबा. भाकरले कोनी हात लावाना नही."

मग त्यांनी कायदा सांगितला. रोज न्याहारीआधी प्रत्येकाने देवाचा एक उपकार बोलायचा. कशाबद्दलही बोला, पण मोठ्याने बोला आणि खरं बोला. सगळ्यांचं बोलून झालं की मगच पहिला घास.

मला तेव्हाच हसू आलं होतं. डोंगरातला तो म्हातारा काही बोलला नव्हता, तो नुसता थांबला होता. पण आमचे आबा पाटील घराण्यातले. पाच माणसांसमोर बोलून दाखवल्याशिवाय एखादी गोष्ट घडली असं त्यांना वाटायचंच नाही.

पहिले आठ दिवस मजेत गेले. सूर्याचा उपकार, पावसाचा, तापीमाईचा, गाईचा. नवव्या दिवशी थोरल्या दिरांनी पुन्हा सूर्य काढला. आबा म्हणाले, "तो व्हई गया. नवं बोल."

"सूर्य रोज उगस ना, आबा," दीर कळवळून म्हणाले.

"उगस. म्हनीसन काय रोज तोच वाढशी? देवले शियं चालस का?"

शिळं चालणार नाही! झालं, कायद्याला दुसरं कलम लागलं. एकदा बोललेला उपकार आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पुन्हा नाही. आखाजीला नवं वर्ष धरायचं आणि पाटी कोरी करायची. आता सहा माणसांनी रोज केलेले उपकार लक्षात कोण ठेवणार? माय. आमच्या सासूबाईंना अक्षर येत नव्हतं, पण डोकं असं की गेल्या दहा वर्षांत कुणाच्या लग्नात कुणी कुणाला कोणतं लुगडं नेसवलं ते रंगासकट सांगायच्या. आम्ही तोंड उघडलं की त्या डोळे मिटायच्या आणि निकाल द्यायच्या. "हाई व्हई गयं. दसराना दुसरा दिन, तूच बोलेल शे." त्यांच्यापुढे अपील नव्हतं.

आणि तिसरं कलम मायने स्वतः घातलं. आबांनी एकदा सहज म्हटलं, सुना चांगल्या मिळाल्या त्याचा उपकार. माय भाकरीचं टोपलं बाजूला सारून उठल्या.

"मानसनं नाव लेवानं नही. झाड बोला, ढोर बोला, मानूस बोलानं नही. बोलं का नजर लागस."

कुणी वाद घातला नाही. मला कारण नंतर कळलं. मोठीला एकच मुलगा झाला होता. बारशाला माय पंगतीत उभ्या राहून बोलल्या होत्या, मन्हा नातूसारखा नातू गावात नही. तीन महिन्यांनी पोर गेलं. तेव्हापासून त्यांच्या तोंडून माणसाचं बरं कधी निघालं नाही, आणि घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून त्या निघू देत नसत. अशी आमची उपासना. जगातल्या सगळ्या गोष्टींचे उपकार मानायचे, ताटाला ताट लावून बसलेल्या माणसांचा मात्र नाही.

आता एकेकाचं ऐका. थोरल्या दिरांनी तीन महिने बैलगाडी पुरवली. एक दिवस चाक, दुसऱ्या दिवशी चाकाची धाव, मग आस, मग जू, मग जुवाची खीळ. एकेक भाग सोडवून ते देवापुढे ठेवत होते. मला भीती वाटायची की पेरणीला गाडी लागेल तेव्हा जोडायची कोणी? माझे मालक हळूहळू बोलायचे आणि त्यांच्या उपकारांना नेहमी तंबाखूचा वास असायचा. मायचे उपकार सगळे नकाराचे. "दूध नासनं नही." "इच्चू निंघना नही." एकदा, "साप निंघना, पन चावना नही." आबा स्वतः लांबलचक बोलायचे. त्यांच्या एका उपकारात लोणी पुरतं वितळून ताटभर पसरायचं.

मी काय करायची? मी हसवायची. म्हशीच्या शेपटीचा उपकार, कारण तिने काल माझ्याऐवजी मालकांना फटका मारला. आबांच्या घोरण्याचा उपकार, कारण त्याला भिऊन चोर येत नाहीत. यावर माय म्हणाल्या, "हाई मानूस व्हई गयं." मी म्हटलं, "मानूस नही माय, नुसता आवाज." आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं.

पण खरं सांगते, दुसऱ्या महिन्यापासून मला काही तरी होऊ लागलं. उद्या काय बोलायचं म्हणून मी दिवसभर शोधत असायची, आणि शोधणाऱ्याला दिसायला लागतं. हंड्याच्या बुडाला पडलेला पोचा बरोबर कमरेवर बसतो. निंबाच्या सावलीला कडा असते. ओल्या मातीत चिमण्यांच्या पायांची ओळ उमटते ती वेलबुट्टीसारखी दिसते. इतकं सगळं आधीपासून इथेच होतं, आणि मी भाकरी थापत बसले होते. रोज एक नवी गोष्ट सापडली की छातीत एक टपोरा दाणा फुटायचा. देव वगैरे मला तेव्हा कळत नव्हतं, आताही फारसं कळत नाही, पण तो दाणा खरा होता.

मोठीचं उलटं. ती धडधाकट, उंच, मनगटात ताकद. काम दोघांचं करायची आणि बोलायचं म्हटलं की घामाघूम. पहाटे आम्ही दोघी जात्यावर समोरासमोर बसायचो तेव्हा ती विचारायची, "आज काय बोलू वं, धाकली?" मग मी तिला एक उपकार द्यायची.

"जात्याच्या खुंट्याचा बोल."

"खुंट्याना? त्यानी काय उपकार कया?"

"तो नसता तर तू आज माझा हात धरून फिरवला असतास. माझा उपटला असता."

ती हसायची आणि पिठाचा धूर उडायचा. न्याहारीला तेच शब्द पाठ केल्यासारखे बोलायची आणि कानापर्यंत लाल व्हायची. आबांना वाटायचं, मोठी सून मुखदुर्बळ पण केवढी खोल! मी ताटात बघत हसू दाबायची.

या मोठीची एकच इच्छा होती. आखाजीला माहेरी जायचं.

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. वर्षभर सासरी राबलेल्या पोरी माहेरी जातात, झाडाला झोके बांधतात, गाणी म्हणतात, आईच्या हातच्या सांजोऱ्या खातात. न्यायला भाऊ येतो, मुराळी म्हणून. मोठीचं माहेर खापरच्या बाजूला, गुजरातच्या शिवेवर, गाडीने दोन मुक्कामांची वाट. एका आखाजीला ती गरोदर होती म्हणून गेली नाही. दुसऱ्या आखाजीला पोर नुकतं गेलं होतं, रडत्या लेकीला झोक्यावर कसं बसवायचं म्हणून नाही. तिसऱ्या आखाजीला मायचा पाय मोडला. मी तेवढ्यात शहाद्याला जाऊन झोके घेऊन, चार गाणी शिकून परत आले. मोठी पाटावर बसून मायचा पाय शेकत होती. मला म्हणाली, "झोका उंच जास का वं तुन्हा गावमा?" मी म्हटलं, "जातो की." ती म्हणाली, "आमनाकडला नदीवर जास. खाले पानी दिसस."

त्याच वर्षी दिवाळीनंतर, कापूस वेचताना, तिला खोकला लागला. आधी आम्ही कापसाच्या कस्पटांवर ढकललं. मग काढे झाले, मग लेप झाले. पौषात आबा तिला गाडीत घालून शहाद्याच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरने नळी लावून ऐकलं, तिला बाहेर बसवलं आणि आबांना सांगितलं, ताट-वाटी वेगळी ठेवा, दूध द्या, मोकळी हवा द्या. रोगाचं नाव आबांनी घरात घेतलं नाही. तिची खाट गोठ्याशेजारच्या पडवीत गेली, तेव्हा नाव घ्यायची गरजही उरली नाही.

तरी सकाळचा उपकार चुकला नाही. आबा आतून विचारायचे, "मोठी वहू?" आणि पडवीतून तिचा आवाज यायचा. पुढे तिचा आवाज बसला. मग मी उंबऱ्यात बसू लागले. ती ओठ हलवायची, मी आत पोचवायची. जात्यावर आता मी एकटी होते, म्हणून तिचा उपकारही न्याहारीच्या वेळीच तिला पुरवायची. आणि इथे एक नवीच अडचण आली. ती नाही म्हणू लागली.

धडधाकट होती तेव्हा मी देईन ते बोलायची. आता मी म्हणायची, "आज वारा छान आहे, वाऱ्याचा बोलू?" ती मान हलवायची, नाही. "निंबाला मोहोर आलाय." नाही. "कांजी गोड झालीय." नाही. आत पाच ताटं खोळंबलेली, आणि ही बाई माझ्याशी घासाघीस करतेय! शेवटी एखादं मान्य करायची. "माशी बसली नाही." चालेल. "आपली आपण कूस बदलता आली." चालेल. अंथरुणावर पडल्या पडल्या ती मायसारखी नकाराचे उपकार निवडू लागली होती. मला रागही यायचा. वाटायचं, एवढी गरीब गाय, हिला आताच कुठून एवढं खऱ्याखोट्याचं पारखणं आलं?

फाल्गुनात मात्र तिला दहा दिवस फार चांगले गेले. ताप उतरला. ती भिंत धरून विहिरीपर्यंत गेली आणि रहाटाला हात लावून परत आली. अर्धी भाकर खाल्ली. मला हाक मारली, हाक! घोगरी, पण हाक. "धाकली, आखाजीले कितला दिन शेत वं?"

मी बोटं मोजून सांगितलं. ती म्हणाली, "भाऊले निरोप धाडशी?"

दुसऱ्या दिवशी न्याहारीला माझी पाळी आली आणि मला राहवेना. माझे सगळे उपकार तसेही संपत आले होते. मी ताठ बसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हटलं, "यंदा मोठी आखाजीला माहेरी जाणार, त्याचा उपकार."

एका वाक्यात मी दोन गुन्हे केले होते. माणसाचं नाव घेतलं होतं, आणि जे अजून मिळालेलं नाही त्याचा उपकार आधीच बोलून टाकला होता.

"काय बोलनी तू?" माय म्हणाल्या.

आबांचे डोळे भरून आले होते. "बोलू दे तिले. मियानं आधी जो मानस, त्यानीच खरी भक्ती."

मिळण्याआधीच उपकार मानणारी ही भक्ती ऐकायला माय थांबल्या नाहीत. चुलीतले निखारे फावड्यावर घेतले, मीठ-मोहरी-मिरच्या घेतल्या आणि पडवीत गेल्या. माझ्या बोलण्याने लागलेली दृष्ट काढायला. खाटेभोवती तीन फेऱ्या घालून त्यांनी मिरच्या निखाऱ्यांवर टाकल्या. दृष्ट लागलेली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही म्हणतात. ठसका आला. आम्हा सगळ्यांना आला, पण आम्ही बाहेर पळालो. मोठीला खाटेवरून पळता येत नव्हतं. ती खोकत राहिली. खोकता खोकता तिने तोंडाला लावलेला पदर लाल झाला.

त्यानंतर ती विहिरीपर्यंत काय, अंगणापर्यंतही गेली नाही.

माय जन्मभर म्हणायच्या की माझ्या बोलण्याने झालं. मी कधी बोलून दाखवलं नाही, पण माझ्या मते मिरच्यांनी झालं. डॉक्टरला विचारलं असतं तर त्याने दोघींना मोडीत काढलं असतं, म्हणाला असता, हे व्हायचंच होतं. पण सासू-सुनेला असा निकाल कसा रुचणार? आम्ही दोघी आपापला गुन्हेगार उराशी धरून बसलो.

खापरला निरोप गेला होता. तो परत बोलवायचं कुणाला सुचलं नाही, आणि मला तर बोलवायचाच नव्हता. चैत्रभर मोठी दिवस मोजत होती. आखाजीला चार दिवस उरले असताना, दुपारी, अंगणात दमणी येऊन उभी राहिली. धुतलेले बैल, शिंगांना नवे गोंडे. मोठीचा भाऊ! मी पडवीत धावले. "मोठी, मुराळी आला!" तिने आधी माझ्याकडे बघितलं, थट्टा तर नाही ना. मग तिने हिरवं लुगडं मागितलं. मी तिच्या केसांना तेल लावलं. केस थोडे उरले होते, अंबाडा सुपारीएवढा झाला. तिला मी भिंतीला टेकवून बसवलं आणि मागे उशी अशी लावली की समोरून दिसू नये.

भाऊ पडवीच्या खांबापाशी आला आणि तिथेच थांबला.

"बाई, कशी शे?"

तिने हात वर केला. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत घसरत गेल्या. मी जवळ होते म्हणून सांगते, तो हात वर करायला तिने केवढा दम धरला होता. तिला त्याला दाखवायचं होतं की ती बसू शकते, गाडीत बसू शकेल.

आबा मागून म्हणाले, "लई जा, पोऱ्या. मी नही म्हनत नही. चार दिन लई जा."

भाऊ वळून बैलांकडे गेला. एका बैलाची वेसण सारखी करू लागला. वेसण चांगली होती. आमच्याकडे त्याची पाठ होती. मग म्हणाला, "आबा, घरमा तीन धाकला पोरं शेत. मन्ही मायनी सांगं, दखी ये, मंग ठरव." आणि थोड्या वेळाने, "पुढला साल लई जासू."

त्याने मुक्काम केला नाही. मी तांब्या पुढे केला तर ओंजळ केली, आणि मी वरून धार धरली. तांब्याला त्याने ओठ लावला नाही. कित्येक दिवस मी मनात जुळवून ठेवलं होतं की याने नकार दिला तर याला घालूनपाडून बोलायचं, चार गावं हसतील असं बोलायचं. पण ओंजळीतलं पाणी त्याच्या कोपरांवरून गळत होतं आणि तो पीत नव्हता, नुसता तोंड लपवत होता. जाताना त्याने आईने दिलेली पुरचुंडी खांबापाशी ठेवली. सांजोऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी वाढल्या. आबा बोलले, नेहमीपेक्षा फार थोडं. थोरले दीर ताट पुढे-मागे सरकवत होते. शेवटी म्हणाले, "कालदिना बैल चांगला व्हतात." त्यांच्या बायकोला न नेता परत गेलेले ते बैल. त्यांना दुसरं काही बोलता येत नव्हतं हो, त्या माणसाला खरंच येत नव्हतं. मालक काही तरी पुटपुटले.

"मोठी वहू?" आबांनी विचारलं.

मी उंबऱ्यातून तिच्याकडे वळले. हिरवं लुगडं तिने सोडू दिलं नव्हतं. मी म्हटलं, "भाऊ निदान आला." नाही. "आईने सांजोऱ्या पाठवल्या." नाही. "ऊन..." तिने मला पुरं बोलूही दिलं नाही. मी शोधलं. शपथेवर सांगते, वीस महिने ज्या डोळ्यांनी शोधलं त्याच डोळ्यांनी मी ती पडवी, तो गोठा, ते आभाळ धुंडाळलं. शेवटी मी म्हटलं, "काहीच नही शे, मोठी. आज काहीच नही."

तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि होकाराची मान हलवली. एकदाच, सावकाश.

मी आत तोंड करून मोठ्याने सांगितलं, "मोठी म्हनस, आज काहीच नही."

सगळ्यांनी मायकडे बघितलं. सवयच ती. मायने डोळे मिटले, मनातल्या मनात वीस महिने चाळले आणि म्हणाल्या, "हाई अजून कोनी बोलेल नव्हतं."

मग माझी पाळी झाली. मी काय बोलले ते आठवत नाही. शेवटी मायची. आता 'दूध नासनं नही'सारखं काही येणार म्हणून आम्ही भाकरीकडे हात नेले. माय उठल्या. पडवीच्या दारात आल्या, माझ्याशेजारी उभ्या राहिल्या, आणि आत नाही, बाहेर खाटेकडे तोंड करून बोलल्या.

"मन्ही मोठी वहू या घरमा उनी, त्याना उपकार. अशी वहू कोनलेच मियनी नही."

आबा म्हणाले, "अगं..."

"राहू दे," माय म्हणाल्या. "आते नजर लागीसन काय लई जाई?"

आठ वर्षांत मोठीने सासूच्या तोंडून पहिल्यांदा आपलं बरं ऐकलं. मी तिच्याकडे बघत होते. मला वाटलं, हसेल. निदान डोळे तरी पुसेल. तिने आधी मायकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती त्याच घरातली होती. तिथे माणसाचा उपकार केव्हा बोलतात, ते आम्हा सगळ्यांइतकंच तिलाही समजत होतं. तिने पदर डोक्यावर ओढला, सासू समोर उभी होती म्हणून, आणि भिंतीकडे कूस वळवली. आपली आपण.

आखाजीच्या आदल्या दिवशी ती गेली. त्यानंतर आबांनी न्याहारीला कुणाला काही विचारलं नाही, आणि आम्हीही आपणहून बोललो नाही.

मी मात्र अजून रोज सकाळी एक उपकार शोधते, मनातल्या मनात. चाळिशी केव्हाच मागे पडली, सवय सुटत नाही. त्याने दुःख कमी होतं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका, माझ्याकडून लिहून घ्या. ते तितकंच राहतं, त्याच्या शेजारी फक्त निंबाची सावलीही असते. पण माणसाचं नाव मी त्यात घेत नाही. गेल्या वर्षी घरात माझी थोरली सून आली. पोरगी इतकी... नको. कागदावरही नको.